पाखरांसाठी मांडलेल्या साती आसरा

देवाधर्माचं एकच काम माझ्या हातून झालं, आणि तेही देवावर काडीचा विश्वास नसताना. सोनपेठच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रातल्या वाळूच्या बेटावर साती आसरांचं ठाणं आहे. चैत्रात तिथं भोंगे लागतात, नारळांचा ढीग पडतो. त्या आसरा मी मांडल्या. नदीतलेच सात गोटे, बाजारातून आणलेला शेंदूर आणि घरचं गोडं तेल, एवढ्या भांडवलावर.

मी तेव्हा नदीकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. नामांतराची दंगल होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जळालेली घरं पुन्हा उभी राहिली होती, पण माणसं अजून एकमेकांशी जपून बोलायची. बाहेरगावच्या मास्तरानं तर तोंड मिटूनच राहावं, असे दिवस. मी भित्रा होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं सांगायला जड जाईल.

उन्हाळ्यात नदी आटली की गावासमोर हे बेट उघडं पडायचं. होळीच्या आसपास तिथं पांढरी पाखरं यायची. पिवळी चोच, लाल पाय, डोक्यावर काळी टोपी, कात्रीसारखी शेपटी. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात. गावात त्यांना नाव द्यायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. घरटं म्हणजे वाळूत पोटानं केलेली खळगी, वाटीएवढी. आत दोन-तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी, अगदी वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. दुपारी वाळू तापली की पाखरू नदीत पोट बुडवून यायचं आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायचं. आम्हाला ताप आला की आई कपाळावरचा ओला फडका बदलत राहायची, तसं दिवसभर चालायचं ते. सुट्टीच्या दिवशी मी काठावरच्या बाभळीखाली बसून बघत राहायचो. बायको म्हणायची, घरात तेल न्हाई, मीठ न्हाई, आन् हे चाललेत पाखरं बघायला.

बेटावर आणखी एकाचा संसार होता. एक म्हातारा भोई. पौषात पाणी उतरलं की तो वाळूत खड्डे घ्यायचा, शेणखत भरायचा, टरबूज-खरबुजाची वाडी लावायचा आणि राखणीला तिथंच खोप घालून राहायचा. पहिला खड्डा खोदायच्या आधी काठावरच्या जुन्या आसरांना नारळ फोडायचा, मगच कुदळ उचलायचा. बेटाचा वरचा उंचवटा मात्र तो कधी खोदत नसे. पाखरांची अंडी तिथंच असायची. मी एकदा विचारलं, "मामा, एवढी चांगली जागा का सोडली?"

"ती त्यांची हाय की गुरुजी. आन् फुकट न्हाई सोडली. वाडीत कुत्रं शिरलं, कोल्हं शिरलं, की ती पाखरं आधी बोंबलतेत. मंग मी उठतो, गोफण फिरवतो. त्यांचंबी राखलं जातं, माझंबी राखलं जातं."

एवढा साधा बंदोबस्त होता तो. मला तो दिसत होता आणि कळत नव्हता. मला वाटायचं, पाखरांची काळजी असलेला गावात मी एकटाच. शिकलेल्या माणसाला असा माज लवकर येतो.

मग वाळू उपसायला ट्रॅक्टर आला. गावातल्याच बड्या शेतकऱ्याचा. सोनपेठला बांधकामं वाढली होती, आणि वरचा उंचवटा म्हणजे कोरडी, चाळल्यासारखी वाळू. दोनच दिवसांत चाकांखाली किती खळग्या गेल्या, कुणास ठाऊक. पाखरं डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती आणि ड्रायव्हर बिडी ओढत होता. मी शेतकऱ्याकडं जायची हिंमत केली नाही, तलाठ्याकडं गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, अंड्यांची नोंद सातबाऱ्यावर हाय का?" बसलेली चार माणसं हसली. मीही हसलो. भित्र्या माणसाला आपल्यावरच हसता येतं, ही एक सोय असते.

त्या रागात मला ती बुद्धी सुचली. आसरांना आमच्याकडं सगळे भितात. पाण्याच्या देवता, रागावल्या तर माणूस बुडवतात. त्यांच्या ठाण्यावर कुणी कुदळ मारत नाही, मग तो कितीही बडा असो. भर दुपारी, गाव जेवून लवंडलं असताना आणि म्हातारा खरबुजं घेऊन बाजाराला गेलेला असताना, मी बेटावर गेलो. अंड्यांपासून पंचवीस पावलांवर सात गोटे ओळीनं मांडले, शेंदूर फासला, हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या. हात लाल झाले ते नदीत धुतले. घरी येताना मी चक्क शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला, गोटे बघून उभा राहिला आणि आल्या वाटेनं परत गेला. त्या उन्हाळ्यात उंचवट्यावर पिल्लं निघाली, पाण्यापर्यंत गेली, उडाली. मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू, सरकारला जमलं नसतं ते मी सात दगडांत केलं होतं. फक्त एक गोष्ट खटकली. म्हाताऱ्यानं ते गोटे बघितले तेव्हा मी काठावर होतो. तो वाळूत आडवा झाला, कान धरले आणि म्हणाला, "आई, इतकी वर्सं तुझ्या अंगावरून चाललो, माफ कर." तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. म्हटलं, एकाला सांगितलं की गावाला कळणार, आणि ट्रॅक्टर परत येणार.

पावसाळ्यात बेट पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं तेव्हा गोटे जागेवरच होते. वाळूत खोल रुतवले होते मी, त्यात चमत्कार कसला. पण गावाला तो पुरला. त्यात त्या ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याच्या सुनेला नवसानं दिवस गेले. झालं. तोच माणूस आसरांचा पहिला भक्त झाला. त्यानं ओटा बांधला, वर पत्रे घातले आणि चैत्रात जत्रा भरवायची म्हणून सांगितलं. चैत्रात, म्हणजे नेमकी अंडी असतात तेव्हा.

पौषात म्हातारा कुदळ घेऊन आला, तर त्याला चावडीत बोलावणं आलं. मीही तिथं होतो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, देवीच्या जागेवर शेणखत नको, खोप नको, विटाळ होतो. म्हातारा म्हणाला, "मालक, आमी पिढ्यान् पिढ्या हितंच वाडी लावतो. आसरांचं आमच्याएवढं कुणी करत न्हाई." कुणी ऐकलं नाही. त्यानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं, माझ्याकडंही पाहिलं.

मी बोललो नाही. आणि भीतीपोटी बोललो नाही, असं म्हणायची सोयही मला नाही. त्या वेळी माझ्या मनात खरोखर काय आलं ते लिहितो, लाज वाटते तरी लिहितो. मला वाटलं, बरंच झालं. वाडी गेली की सगळं बेट पाखरांना मोकळं मिळेल.

होळीला पाखरं आली, उंचवट्यावर बसली. जत्रेच्या आधीच लोकांची ये-जा सुरू झाली. नैवेद्याचं उरलेलं खायला गावातली कुत्री बेटावर जायला लागली. पाखरं बोंबलत होती, पण उठून गोफण फिरवणारं कुणी नव्हतं. मी दोन दिवस काठी घेऊन उभा राहिलो, तिसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. संध्याकाळी गेलो तर खळग्यांतून नुसती टरफलं. जी थोडी वाचली, ती जत्रेच्या दिवशी पायांखाली गेली. बायाबापड्या भक्तीनं अनवाणी चालत होत्या. त्यांना काय दोष द्यायचा? पाखरं दोन-चार दिवस वरून फिरली आणि नदीनं खाली निघून गेली. मी घरी येऊन रडलो. बायकोला वाटलं, तपासणीत काही झालं.

तेव्हा कुठं मला कंठ फुटला. पुढच्या वर्षीच्या जत्रेची बैठक होती, तिथं उभा राहून मी सगळं सांगितलं. दगड मी मांडले, शेंदूर मी फासला, देवीबिवी काही नाही, हे उचला आणि ते बेट मोकळं करा. मार खायची तयारी करून गेलो होतो. कुणी हातसुद्धा उचलला नाही. ट्रॅक्टरवाला हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमी कोण मांडणारे? तिनं तुमच्या हातानं मांडून घेतलं." लोकांनी माना डोलावल्या. जत्रेत ओट्यावर बोलावून माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. शाल मी घेतली. न घेऊन कुठं जाणार होतो?

त्या चैत्रात बेटावर एकही पाखरू उतरलं नाही.

म्हातारा मला वैशाखात भेटला. नदीच्या खालच्या अंगाला तोच ट्रॅक्टर उभा होता आणि हा ट्रॉलीत वाळू भरत होता. वाडी गेल्यावर दुसरं काय करणार? अंगावरचं मांस झडलं होतं. मी जवळ गेलो. म्हटलं, "मामा, त्या आसरा मी मांडल्या होत्या. पाखरांसाठी."

"ठाव हाय. बैठकीत सांगितलं म्हणं तुमी." फावडं चालूच होतं.

"पाखरं गेली, मामा."

"जाणारच की. राखणारं कोण ऱ्हायलं?" मग तो थांबला, फावड्यावर दोन्ही हात ठेवले. आवाजात राग नव्हता, तेच मला आजवर सोसलेलं नाही. म्हणाला, "गुरुजी, पाखरं गेल्यावर तुमी गावापुढं हुबे ऱ्हायले. माझी वाडी उठवली, तवा तर तुमी माझ्याम्होरंच बसले व्हते. त्या दिवशी इतकंच बोलले असते, तर मीबी ऱ्हायलो असतो आन् तीबी ऱ्हायली असती."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. म्हातारा पुन्हा वाळू भरायला लागला, आणि तिथं उभा राहून मी वाटेत येत होतो, म्हणून बाजूला झालो.