थिनरच्या खोलीची किल्ली

ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण सापडायला आठवडा लागला, पण नावड आधीच तयार होती.

भोरच्या बाहेर आंबवड्याच्या रस्त्याला आमचा लोखंडी कपाटं बनवायचा कारखाना आहे. पुढे पत्रा कापणं आणि वाकवणं, मागे रंगकाम, आणि त्याच्याही मागे सुटी, एका दाराची थिनरची खोली. रंग पातळ करायला थिनर, स्प्रे गन धुवायला थिनर, हाताचे डाग काढायलाही लोक थिनरच मागतात. त्या खोलीची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला होती. माझ्याहून जुने रंगारीकाकासुद्धा दाराशी थांबून "ताई, जरा देता का?" म्हणायचे. घरी आमटीत मीठ किती घालायचं ते सासूबाई ठरवतात. इथे कुणाला किती द्यायचं ते मी ठरवायची. झाकणाला नाक लावून आत थिनर आहे, टर्पेंटाइन आहे की रॉकेल, ते मी सांगायची आणि लोक माना डोलवायचे. मला ते फार आवडायचं.

ती वेल्ह्याकडची, माहेर पासलीचं. भोरात खोली घेऊन राहायची. हायवेवरच्या एका मोठ्या कंपनीत चार वर्षं रंगखात्यात काढलेली. मालकांनी तिला आमच्याकडे आणलं आणि सांगितलं, "आगीच्या बाबतीत ही सांगेल तसं करायचं."

पहिल्याच दिवशी तिनं माझ्या खोलीतून पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेलं थिनर बाहेर काढलं. "ताई, कुनी तहानंला पिऊन टाकंल की वं," म्हणाली. मग आले पत्र्याचे लाल डबे, ज्यांचं झाकण हात काढला की आपोआप बसतं. मग आली तार. ड्रममधून डब्यात ओतायच्या आधी तारेचा एक चिमटा ड्रमला लावायचा, दुसरा डब्याला, आणि ड्रमपासून एक तार जमिनीत गाडलेल्या सळईला. नुसतं ओतण्यानंसुद्धा ठिणगी पडते, असं तिचं म्हणणं. पुसायची फडकी झाकणाच्या डब्यात. मोबाईल बाहेर. आणि एक दिवस माझ्या पदराला हात लावून हळूच, "ताई, हितं नायलॉन नगा नेसू. सुती नेसा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय नेसावं ते आता हिनं सांगायचं! अकरा वर्षांत काही झालं नव्हतं. ते मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "झालं न्हाई ह्ये लई चांगलं झालं," आणि चिमटा लावायला लागली. भांडणसुद्धा करत नव्हती धड.

नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला समजावत होते. पण नवाचे नव्वद झाले तरी लोक तिलाच विचारायचे. रंगारीकाका तिच्या हाताखाली शहाण्या विद्यार्थ्यासारखे चिमटे लावायला शिकले. जेवायच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती बसायच्या. ती सांगायची, "थिनरची वाफ दिसत न्हाई, पन हवेपेक्षा जड असती. जमिनीवरनं सरपटत जाती, उंबऱ्याभायेर बी येती. जाळ लांब असला तरी त्येला गाठती." मी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी खायची आणि प्रत्येक शब्द ऐकायची. तिची भाकरी पातळ, मऊसूत आणि तांदळाची असायची. तिचाही मला राग यायचा.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. "ताई, तुमच्यावर कामाचा भार फार आहे. दसरा झाला की खोलीची किल्ली तिच्याकडे द्या. तुम्ही पुढे पॅकिंगला या." भार माझ्यावर आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. "बरं," म्हटलं आणि मागे येऊन ड्रमला टेकून उभी राहिले. रडू येत नव्हतं. तिला पासलीच्या घाटात परत पाठवावं, एवढंच वाटत होतं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. कातरयंत्राला हार, वेल्डिंगच्या मशीनला हळदकुंकू, टेम्पोला लिंबू. थिनरच्या खोलीतल्या ड्रमची पूजा माझ्याकडे होती. आम्ही देवीला घालतात तशी त्याला झेंडूची माळ घालायचो, पाच बोटं कुंकवाची ओढायचो आणि त्याच्याच झाकणावर निरांजन ठेवायचो. हो, झाकणावर. वर कापूरही. आज लिहिताना मलाच घाम फुटतो, पण तेव्हा आम्हाला ती भक्ती वाटायची. त्या आरतीला मालकसुद्धा चप्पल काढून माझ्यामागे उभे राहायचे.

तिनं मालकांना सांगितलं, फुलं आत, दिवा फाटकाशी. मालक म्हणाले, ठीक आहे. इतक्या वर्षांचा माझा मान दोन शब्दांत गेला.

अष्टमीला संध्याकाळी स्प्रे गनचे भाग धुवायचे होते. तिचा लाल डबा सारखा मिटतो, म्हणून मी मुद्दाम जुनी प्लॅस्टिकची बादली काढली, थिनर ओतलं, भाग भिजत घातले आणि तशीच उघडी ठेवून कुलूप लावलं. सकाळी तिच्याआधी येऊन काढू, असा हिशेब होता. ड्रमचं बूच मात्र ती जाताना स्वतः आवळून गेली होती.

नवमीला मी लवकर आले. ताट घेऊन आले होते, निरांजनासकट. शेवटची पूजा माझ्या पद्धतीनं करणार, आणि काही होत नाही हे तिला दाखवणार. कुलूप काढलं, दार उघडलं. इतकीही मूर्ख नव्हते, ताट उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. बादलीची आठवण पुसली गेली होती. डोक्यात ती बाईच होती, तिचा पडलेला चेहरा मला दिसत होता.

काडी ओढली आणि निळसर जाळ माझ्या हातापासून निघून उंबरा ओलांडून आत पळत गेला. बादली भडकली. मी ओरडले की नाही आठवत नाही. फाटकातून तीच पळत आली. मला खांद्याला धरून मागे ओढलं, पत्र्याचा तुकडा तिरका धरून बादलीवर टाकला आणि दाराशी तिनंच भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्या ओतल्या. दोन मिनिटांत सगळं विझलं. ड्रम नुसता काळवंडला होता. बूच सैल असतं तर हे लिहायला मी नसते, तीही नसती.

माझा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. तिनं मला नळाखाली बसवलं आणि माझा हात स्वतःच्या हातात धरून पाण्याखाली ठेवला. "हलू नगा ताई. लई येळ धरायचा. आग आतनं निगाया पायजे." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. त्याचाही मला हेवा वाटला. अशा वेळीही वाटला.

मालक आले, मागून रंगारीकाका, मग सगळे. मालकांनी विचारलं, "आत उघडं थिनर कुणी ठेवलं?"

मी म्हटलं, "हिनं. दिवा म्या लावला, पन उंबऱ्याच्या भायेर. आत बादली हाय ह्ये मला काय ठावं?"

"न्हाई मालक," ती म्हणाली. "म्या काल डबाच वापरला." एवढंच. मालकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बादली कुणाची हे रंगारीकाकांना पक्कं माहीत होतं. ते जमिनीकडे बघत राहिले. माझ्याशी अकरा वर्षांचा संबंध होता आणि तिच्याशी चार महिन्यांचा.

मालक निघून गेले तरी तिनं माझा हात सोडला नाही. वेळ पुरा होईपर्यंत पाण्याखाली धरून बसली. मग स्वच्छ फडक्यात सैल गुंडाळला आणि मला सरकारी दवाखान्यात जायला रिक्षा बघून दिली.

दसरा झाल्यावर ती भात कापायला म्हणून पासलीला गेली आणि परत आली नाही. किल्ली माझ्या कमरेलाच राहिली. हात बरा झाला, कातडी अजून गुळगुळीत आणि ओढल्यासारखी आहे. कामावर आले त्या दिवशी मी पहिल्यांदा चिमटा लावला. सुती साडी नेसले होते. बाटल्या, बादल्या भंगारात घातल्या. आता ओतताना मी तार तपासते, बूच दोनदा आवळते, दाराजवळ कुणाला मोबाईल काढू देत नाही. खंडेनवमीला दिवा फाटकाशी असतो. मालक पाहुण्यांना मागे घेऊन येतात आणि सांगतात, आमच्या ताईंसारखी शिस्त तालुक्यात कुठे नाही.

परवा पॅकिंगमधली एक नवी पोरगी माझ्याकडून चिमटे लावायला शिकत होती. तारेची टोकं हातात धरून तिनं विचारलं, "ताई, तुमाला ह्ये समदं कुनी शिकिवलं?"

मी म्हटलं, "कुनी न्हाई. येतंय मला पयल्यापासनं."