मामा आणि गल्लीचं पाणी

रस्त्याकडं माझ्या बायकोच्या मामांइतकं मन लावून पाहणारा माणूस साऱ्या संभाजीनगरात दुसरा नसेल. लोक समोर बघून चालतात, मामा खाली बघून चालतात आणि तरीही कुणाला धडकत नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, बहुतेक सगळी पैठण-पाचोडच्या बाजूला. निवृत्त होऊन ते पुंडलिकनगरात घर बांधून राहायला आले तेव्हा गाडी तेवढी डेपोत राहिली, ड्रायव्हर मात्र जसाच्या तसा घरी आला. कोथिंबीर आणायला निघाले तरी कोपऱ्यावर थांबून आधी उजवीकडं, मग डावीकडं पाहणार, वळताना हात बाहेर काढून दाखवणार, आणि पुढं कुणी सावकाश चाललेलं असलं तर जागा असल्याशिवाय ओलांडणार नाहीत. एकदा एक बाई भाजीची पिशवी घेऊन हळूहळू चालल्या होत्या आणि मामा त्यांच्या मागं तेवढ्याच वेगानं. बाईंनी त्याचा भलताच अर्थ काढला आणि वळून चांगलं खडसावलं. मामा जराही विचलित न होता म्हणाले, "बाई, पुढं खड्डा हाय. इथं ओव्हरटेक करता येत नाय." बाईंनी पाहिलं तर खरोखरच खड्डा होता, आणि दोन पावलांवर होता.

त्यांच्या हातात एक काठी असते, पण ती आधारासाठी नाही. तिच्यावर त्यांनी वितीवितीवर लाल रंगाच्या खुणा करून घेतल्या आहेत. पाऊस उघडला की मामा गल्लीतल्या प्रत्येक डबक्यात काठी बुडवून पाहायचे आणि तीन घरं सोडून असलेल्या आमच्या घरी येऊन खबर द्यायचे. खड्ड्यांना त्यांनी आपल्या जुन्या थांब्यांची नावं ठेवली होती. दूध डेअरीसमोरचा खड्डा म्हणजे बिडकीन, पिठाच्या गिरणीजवळचा म्हणजे पैठण, आणि गल्लीच्या अगदी सखल भागात, जिथं ड्रेनेजचं चेंबर होतं आणि सगळं पाणी तुंबायचं, ते पाचोड. ते नाव का, तर बाजाराच्या दिवशी पाचोडला त्यांची गाडी अशीच अडकून पडायची. माझी मेहुणी पाचोडला दिलेली आहे. ती दिवाळीला आमच्याकडं आलेली असताना अवकाळी पाऊस झाला आणि मामा दारातूनच सांगून गेले की पाचोडला दोन वीत पाणी आहे, माणसं चपला हातात घेऊन चाललीत. बिचारीनं घाबरून सासरी फोन लावला. तिकडं स्वच्छ ऊन पडलेलं होतं. सासूबाईंनी तिलाच विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

या साऱ्या पाहणीतून अर्ज निघायचे. मामा सांगणार आणि मी लिहिणार, हा आमच्यातला जुना करार, कारण जावई हा लिहिण्यासाठीच असतो असं त्यांचं मत आहे. त्यांची भाषा मात्र त्यांच्या वडिलांच्या काळातली. "मेहेरबान साहेबांचे खिदमतीत अर्ज गुजारण्यात येतो की" अशी सुरुवात झाल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही, असं ते म्हणत. मग काठीची मापं, मग कुणाच्या दारात किती पाणी शिरलं ते, आणि शेवटी साहेबांच्या लेकराबाळांना आशीर्वाद. वॉर्ड ऑफिसात आवक घेणारा कारकून हे अर्ज शेजारच्या टेबलाला वाचून दाखवायचा असं मी ऐकून आहे. मामा पोच घेतल्याशिवाय तिथून हलत नसत. पण आवाज म्हणून कधी चढवला नाही. ऑफिसात जायचं, बाकावर बसायचं, माठातलं पाणी प्यायचं, सगळ्यांची खुशाली विचारायची आणि यायचं. मी एकदा वैतागून म्हटलं की मामा, एकदा तरी जोरात बोला. ते म्हणाले, "भांडून गेलेल्याला माणसं विसरत्यात, जावईबापू. रोज येऊन पाणी पिऊन जाणाऱ्याला नाय विसरत."

हे सगळं आम्ही हसत हसत चालवून घेत होतो. मग बालवाडीच्या बाई पडल्या.

झालं असं की पाण्याच्या एका टँकरखाली त्या पाचोडच्या चेंबरचा ढापा, म्हणजे वरचं सिमेंटचं झाकण, फुटला. मामांनी त्याच दिवशी अर्ज दिला. ढापा येईपर्यंत चेंबरवर कुणीतरी झाडाची फांदी रोवून ठेवली होती. दोन दिवसांनी दुपारी जोराची सर आली, पाणी तुंबलं, फांदी वाहून गेली, आणि कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या बालवाडीच्या बाई स्कूटीवरून आल्या त्या थेट चेंबरमध्ये. मामा तेव्हा आपल्या ओट्यावर चहा पीत बसले होते. आवाज ऐकून मीही धावलो. आम्ही दोघांनी बाईंना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापासून वेगळ्याच दिशेला वळलेला होता. रिक्षा येईपर्यंत मामा त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. रिक्षा गेल्यावर मला एवढंच म्हणाले, की मी तिथंच बसलो व्हतो, बघतच व्हतो की सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि भर गल्लीत त्या उघड्या चेंबरशेजारी मांडून बसले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानं बाजूनं काढत. मामी त्यांना तिथंच भाकरी आणून द्यायच्या आणि आणताना लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, की रिटायर झालेत असं मला वाटलं होतं. संध्याकाळी घरात जाताना मामा लोखंडी खाट चेंबरवर आडवी घालून, तिच्या चारी पायांना मामींच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधून जात. तिसऱ्या दिवशी नवा ढापा आला, आणि ढाप्याबरोबर ऑफिसातल्या नव्या इंजिनिअर मॅडमही आल्या.

मॅडम वयानं आमच्या पुतणीएवढ्या, पैठणकडच्याच. मामांचं सगळं त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं, काठीवरच्या खुणाही पाहिल्या, आणि म्हणाल्या की काका, ढापा आज बसेल, पण तुमचं दुखणं ढाप्याचं नाही. लाइन पुढं कुठंतरी बंद आहे, म्हणून पाणी मागं फिरतंय. त्यांच्या माणसांनी चेंबरमधून बांबूच्या लांब पट्ट्या आत सारल्या. दर वेळी पट्टी एकाच जागी अडायची. मॅडमनी बाहेर निघालेली पट्टी मोजली, पुन्हा मोजली, मग रस्त्यावरून पावलं टाकत निघाल्या. निम्मी गल्ली त्यांच्या मागं. सगळ्यात पुढं मामा, वाट मोकळी करून देत. मॅडम थांबल्या त्या मामांच्याच दारात.

मामांचा ओटा गल्लीत प्रसिद्ध होता. घर बांधल्यावर त्यांनी तो हौसेनं रस्त्यापर्यंत ओढून घेतला होता, शहाबादी फरशीचा, गाडी चढवायला उतार असलेला, कडेनं गोलाई दिलेला. सकाळचा आणि दुपारचा चहा, पेपर, अर्जांचा मजकूर, सगळं त्याच ओट्यावर व्हायचं. मॅडमनी हातातला नकाशा उघडला, ओट्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, इथं एक चेंबर असायला पाहिजे."

दोघं-तिघं तोंड फिरवून हसले असतील, मी नाही म्हणत नाही. मी मनात मामांची बाजू तयार करू लागलो होतो. नकाशा जुना असेल, मिस्त्रीची चूक असेल, मामांना काय माहीत. मामांनी काठीचं टोक त्या फरशीवर टेकवलं.

"मिस्त्रीनं विचारलं व्हतं मला," ते म्हणाले. "खाली झाकण दिसतंय, काय करू म्हणून. मीच म्हणलो, घाल वरून फरशी."

कुणी त्यांना विचारलं नव्हतं. ते बोलले नसते तर ते कुणालाच कळलं नसतं, कारण तो मिस्त्री कधीच पुण्याला निघून गेला होता. मॅडम म्हणाल्या की रीतसर नोटीस येईल, काही दिवसांची मुदत असते. मामा आत गेले ते पहार घेऊनच बाहेर आले. मामी दारात येऊन म्हणाल्या, माझी तुळस तेवढी उचलू द्या. तुळस उचलली गेली आणि मामांनी पहिला घाव घातला. वय झालेलं, चौथ्या घावाला धाप लागली. पहार मी घेतली, मग समोरच्यांनी घेतली. फरशीखालून झाकण निघालं, झाकणाखालून गाळ, पिशव्या, मोरीतून वाहून आलेली एक स्टीलची वाटी आणि मामांच्या नातवाचा क्रिकेटचा चेंडू निघाला. मामींनी वाटी ओळखली आणि इतकी वर्षं त्यासाठी धुणंभांडीवाल्या बाईवर संशय घेतला म्हणून दुपारभर हळहळल्या.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले आणखी पाच ओटे मागं सरकले. नोटीस कुणालाच द्यावी लागली नाही. मामांचा ओटा गेल्यावर आपला ठेवायचा कसा, अशी लोकांची पंचाईत झाली. फक्त एक निवृत्त गुरुजी अडून बसले होते. त्यांच्याकडं मामा रोज जाऊन बसले, पाणी प्यायले, खुशाली विचारली. चौथ्या दिवशी गुरुजींनीच गवंडी बोलावला.

ओटा फुटला त्याच संध्याकाळी मामा बालवाडीच्या बाईंना भेटायला गेले. मला सोबत नेलं. बाई हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. मामा चप्पल काढून उंबऱ्याशीच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पाणी माझ्या ओट्यामुळं तुंबत व्हतं." बाई म्हणाल्या की मामा, प्लास्टर पुढच्या महिन्यात निघतंय, आणि चहा मला एका हातानं करता येतो, तुम्ही आधी आत येऊन बसा. चहा फार गोड झाला होता. मामांनी दोन कप घेतले.

याला आता दोन वर्षं होत आली. इंजिनिअर मॅडमची बदली झाली. ओटा गेल्यानं मामांचं दार रस्त्यापासून उंचावर राहिलंय, खाली दोन पायऱ्या केल्यात, पण त्या उभ्या आहेत आणि मामांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यामुळं ते बहुतेक खिडकीशी बसलेले असतात. येणारे-जाणारे खिडकीशी थांबून दोन शब्द बोलून जातात.

परवा दुपारी धो धो पाऊस लागला. मामांनी फोन करून मला बोलावलं आणि म्हणाले, जरा खाली उतरवा. मी हाताला धरून, एक एक पायरी करत त्यांना त्या सखल जागेपर्यंत नेलं. रस्त्यावर पाणी थांबत नव्हतं, नुसतं पुढं सरकत होतं, आणि ढाप्याखालून त्याचा एकसारखा घरघर आवाज येत होता. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. छत्री वाऱ्यानं उलटी झाली होती. मी म्हटलं, मामा, भिजताय, चला घरी.

"थांबा की," ते म्हणाले. "जाऊ द्या जरा."

हे त्यांनी मला सांगितलं की पाण्याला, ते कळलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो पूर्वीपेक्षा बराच हलका लागला. पाऊस ओसरेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.