पाण्याला बुजणारं तट्टू

आमच्या घराला चारी बाजूंनी पाणी आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नारळाची झाडं उभी राहतात. मग मी सांगतो, की हे बेट परंडा तालुक्यात आहे आणि त्याच्यावर बाभळी, बोरी आणि आमच्या दोन म्हशी आहेत. समोरचा हसतो. धाराशिव जिल्ह्यात म्हणे पाणी! आणि तेही चारी बाजूंनी!

पण आहे ते आहे. धरण झालं, खालची जमीन पाण्यात गेली आणि वरचा माळ तेवढा उरला. बाकीची घरं पल्याड पुनर्वसनात गेली. मी राहिलो. का राहिलो, तर घर उंचावर होतं, आणि दुसरं असं की माझ्यात थोडा शहाणपणा कमी आहे. उन्हाळ्यात पाणी हटतं तेव्हा आम्ही चारचौघांसारखी माणसं असतो. पाऊसकाळ भरात आला, की थेट होळीच्या आसपासपर्यंत मी बेटाचा राजा. पल्याडचा दूध संकलनवाला मला ‘राजे’ म्हणूनच हाक मारतो. त्यात आदर किती आणि टवाळी किती, ते मी मोजत नाही.

राज्यात माणसं दोन, मी आणि बायको. लेक चौथीत, ती शाळेसाठी पल्याड मामाकडं. बाकी प्रजा चार पायांची. म्हशी सोडल्या तर एक म्हातारी घोडी, एक काळा कुत्रा, एक तांबडी कुत्री आणि तिची पिल्लं. सकाळी बायको चूल पेटवते, तेव्हा काळा कुत्रा उंबऱ्यावर येऊन बसतो. पहिली भाकरी त्याची. सोनारीच्या भैरवनाथाचं वाहन ते, त्याला आधी घातल्याशिवाय ती मला ताट वाढत नाही. कुत्रा खाता खाता माझ्याकडं बघतो. मी नजर चुकवतो. घोडी दाराच्या चौकटीला मान घासते, सगळं घर हलतं. तांबडी पाणबदकांवर भुंकत काठाकाठानं बेटाला एक चक्कर मारून येते, जणू तिच्यावरच पहारा सोपवलाय.

पल्याड जायला दोन वाटा. एक काहील. गूळ करायची ही मोठी लोखंडी कढई आमच्याकडं होडी म्हणून चालते. चालते म्हणजे, वारा नसेल तर. वारा असला की ती गोल फिरते आणि तिला वाटेल तिकडं जाते. एकदा तिनं मला दुधाच्या कॅनांसकट भलत्याच गावाच्या शिवारात नेऊन टाकलं. तिथल्या माणसांनी मला मासे चोरणारा समजून दोन तास बसवून ठेवलं. तेव्हापासून बायकोचा हुकूम, लेकीला काहिलीत बसवायचं नाही.

दुसरी वाट म्हणजे बुडालेला गाडीरस्ता. पाण्याखाली तो अजून जागेवर आहे. दोन्ही कडांच्या वाळलेल्या बाभळींचे शेंडे वर दिसतात, त्यांच्या मधून चालायचं. मोठ्या माणसाला पाणी कमरेच्या वर. आमची घोडी वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं दूध नेत आली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की लेक तिच्याच पाठीवर बसून घरी यायची. पण गेल्या वर्षी घोडीच्या डोळ्यांत पडदा आला. रस्त्याची कड तिला कळेना, आणि एके सकाळी कॅनांसकट खोल पाण्यात गेली. पोहत बाहेर आली बिचारी, पण बायकोनं त्याच दिवशी तिचं खोगीर काढून आढ्याला टांगलं.

‘‘आता ही न्हाय पाण्यात जायची. आन् माझी लेक न्हाय महिना महिना मामाकडं ऱ्हायची. दुसरं जनावर बघा.’’

मी बघितलं. उन्हाळ्यात मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, माळाच्या पलीकडं उतरला होता. त्यांची तट्टं तुम्ही पाहिली असतील. पाठीवर सगळा संसार. वाकळा, भांडी, खाटलं, वर कोंबड्या बांधलेल्या, कोकरं आणि कुत्र्याची पिल्लं टोपल्यात. पुढं कुत्रं, मागून तट्टू. त्यातलं एक पिवळसर तट्टू माझ्या मनात भरलं. मी दात बघितले, खुरं बघितली, गुडघे दाबले, शेपूट उचलून उगाच मान डोलावली. मोठा पारखी असल्यासारखं त्याच्या भोवती तीन फेऱ्या मारल्या. चारी बाजूंनी पाण्यात राहणाऱ्या माणसानं विचारायचा एकच प्रश्न होता, तेवढा राहिला.

पाऊस झाला, पाणी चढलं, आणि काठावर आणलेल्या तट्टानं पाण्याकडं असं बघितलं, की जणू कुणी सांडून ठेवलंय आणि पुसायचं राहिलंय. चारी पाय रोवून उभं.

मी दावं धरून पुढं झालो. मी कमरेएवढ्या पाण्यात, ते कोरड्यात, मधी दावं ताठ. मी ओढलं. त्यानं मान एकदाच मागं घेतली आणि मी उताणा पाण्यात. पल्याडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसल्या, ते पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं.

मग डोळे बांधायची युक्ती. माझा रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला. तट्टू चालायला लागलं, अगदी झपाझप. मी खूश. दहा पावलांत त्यानं मोठं वळण घेतलं आणि मला घेऊन सरळ बायकोनं वाळत घातलेल्या लुगड्यांतून गोठ्यात गेलं. मग गूळ. हातात गुळाचा खडा घेऊन मी पाण्यातून मागं मागं सरकत होतो. तट्टू बघत राहिलं. तांबडी पोहत आली, गूळ घेतला आणि गेली.

‘‘पाठीवर काय टाकून तरी बघा,’’ बायको म्हणाली.

‘‘अगं, आधी रिकामं शिकू दे त्याला. बिचाऱ्यावर पहिल्याच दिवशी वजन?’’ मी दयेनं म्हणालो. जनावरांचं मला कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

तोवर दूध काहिलीतून जात होतं, म्हणजे वारा नसेल तेव्हा. वारा असला की आम्ही खवा करून खात होतो. लेक पल्याडून शनिवारी काठावर यायची, बाभळीच्या बुंध्यापाशी उभी राहून ओरडायची, ‘‘आई, आलं का गं ते पाण्यात?’’ इकडून बायको ओरडायची, ‘‘न्हाय गं अजून!’’ तेवढंच बोलणं व्हायचं. मग दोघी आपापल्या काठावर बसून राहायच्या, आणि मी तिकडं न बघता म्हशींना उगाच पाणी दाखवायचो.

शेवटी बायको एकदा भांडी घासता घासता शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलली की मी घाबरतो.

‘‘दसऱ्यापतोर त्ये पाण्यात गेलं तर हितं ऱ्हाऊ. न्हाय गेलं तर कुलूप लावायचं. भावाच्या दोन खोल्या मोकळ्या हायेत रस्त्याच्या कडंला. तुमी या न्हायतर ह्या तुमच्या राज्यात ऱ्हावा.’’

या घराबाहेर मला झोप येत नाही. सासुरवाडीत तर बसतासुद्धा येत नाही नीट. मी तट्टापुढं हात जोडले. त्यानं माझ्या टोपीचा एक कोपरा खाल्ला.

दसरा झाला. सोनं वाटायलासुद्धा कुणी आलं नाही, कारण वारा होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारीच, मी म्हशींचं आवरून येतो तर अंगणात बिऱ्हाड! बायकोनं वाकळा गुंडाळल्या होत्या, भांड्यांचं गाठोडं बांधलं होतं, कोंबड्या पाय बांधून जोडीनं तयार.

‘‘अगं, हे काय?’’

‘‘बोलल्ये व्हते न्हवं? काठापतोर ह्येच्यावर न्हेते, तितनं काहिलीत टाका. धा खेपा करा. तुमाला लई हौस हाय काहिलीची.’’

आणि तिनं तट्टाच्या पाठीवर सगळं रचलं. खाली वाकळा, दोन्ही बाजूला भांडी, वर कोंबड्या. तांबडीची पिल्लं मागं कशी ठेवायची म्हणून ती टोपल्यात घालून टोपलंही वर बांधलं. तट्टू एरवी दावणीला मान खाली घालून उभं असायचं. आज त्यानं कान टवकारले. एक कोंबडी कोकलली, आणि त्यानं फुरफुर करून पुढचा पाय उचलला.

तांबडी पिल्लांसाठी कासावीस. ती काठापर्यंत पळाली, परत आली, पुन्हा पळाली. तट्टू तिच्या मागं. कुणी दावं धरलं नव्हतं. मी म्हणालो, ‘‘थांब, काहील आणतो.’’ माझं वाक्य संपलं नाही तोवर तांबडी पाण्यात उतरली. आणि तिच्या मागं ते तट्टू! असं उतरलं, की जणू रोजचंच आहे. गुडघे, पोट, छाती. भांडी वाजतायत, कोंबड्या ओरडतायत, टोपल्यातून चार पिल्लांची तोंडं बाहेर, आणि ते बाभळींच्या शेंड्यांमधून नीट रस्त्यानं चाललंय.

‘‘अवं, धरा की त्याला!’’ बायको ओरडली. मग मी धरायच्या आत तीच लुगड्याचा कासोटा घालून पाण्यात शिरली आणि शेपूट धरून मागं निघाली.

मी एकटा काठावर. माझ्या डोळ्यांदेखत तट्टू पाण्यात गेलं होतं. महिनाभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते झालं होतं, आणि त्याच तट्टावर माझा संसार घर सोडून निघाला होता. हसावं का रडावं, ते ठरवायला वेळ नव्हता. मी काहील ढकलली.

वारा होताच. काहील फिरली. एका गिरकीत मला बायको दिसायची, दुसऱ्या गिरकीत माझं घर. अर्ध्या पाण्यात पोचलो तेव्हा ते पल्याड चढत होते. मी लागलो तो पार खाली, बेशरमाच्या झुडपात. तिथून चिखल तुडवत, काहील काठाकाठानं ओढत वर आलो. बघतो तर धुणं टाकून सगळ्या बायका तट्टाभोवती. संकलनवाला कॅन विसळायचं सोडून उभा. बाभळीच्या बुंध्यापाशी थांबलेली लेक तट्टाच्या मानेला मिठी मारून. आणि बायको? ती हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

‘‘अवं, कळलं का तुमाला? ह्येचं बिऱ्हाड पाठीवर नव्हतं, म्हणून ह्ये जात नव्हतं! रिकामं कुठं जायाचं त्येनं? मेंढरांमागचं तट्टू ह्ये. मुक्काम हलल्याबिगर हलंल का? आन् तुमी आपले त्येला ओढताय पुढनं!’’

माझ्या अंगावरून चिखल गळत होता. सगळ्या उन्हाळ्यात त्या वाड्यावरची तट्टं संसार घेऊन कुत्र्यामागून चालताना मीच बघितली होती, आणि दयाही मीच दाखवली होती.

तिनं वाकळा आणि भांडी सोडायला घेतली. मला वाटलं, आता हे सगळं भावाच्या खोलीवर जाणार. पण तिनं भांड्यांचं गाठोडं उचललं आणि माझ्या काहिलीत आदळलं. वाकळाही काहिलीत. मग लेकीला उचलून तट्टाच्या पाठीवर बसवलं, कोंबड्यांच्या आणि पिल्लांच्या टोपल्याच्या मधी.

‘‘बघताय काय? तुमी भांडी आणा. आमी चाललो घरला.’’

‘‘कुठल्या घरला?’’ मी आपली खात्री करून घेतली.

तिनं पाण्यातल्या आमच्या माळाकडं बोट केलं. ‘‘बोलल्ये व्हते न्हवं? पाण्यात गेलं तर ऱ्हायाचं. येक दिवस उशीर झाला, त्येवढं माफ.’’

‘‘राजे, बिऱ्हाड हललं म्हणायचं का?’’ संकलनवाला ओरडला.

‘‘हललं!’’ मीही ओरडलो. ‘‘घराकडं हललं!’’

तांबडी पुढं, तट्टू मागं, त्यावर राणीसारखी माझी लेक, दोन्ही हात सोडून, तोंडानं हुर्रर्र करत. शेपूट धरून बायको. आणि सगळ्यात मागं, भांडी वाजवत, गोल गोल फिरत मी. पल्याडच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. राज्याभिषेकाला याहून जास्त काय लागतं, मला माहीत नाही.

आता रोज सकाळी दूध त्या रस्त्यानं जातं, वारा असो नसो. शनिवारी येताना लेक असते. कॅनांच्या वर टोपल्यात दोन कोंबड्या बांधाव्या लागतात, नाहीतर तट्टू काठावर उभं राहतं आणि माझ्याकडं असं बघतं, की जणू मीच काहीतरी विसरलोय. परवा भर पाण्यात एका कोंबडीनं टोपल्यात अंडं घातलं. संकलनवाल्यानं ते उचलून उजेडाकडं धरलं, हळूच परत ठेवलं आणि मला म्हणाला, ‘‘राजे, उद्यापास्नं तुमच्या दुधासंगं अंडं बी आणत जावा. फॅट काढायच्या मशिनीत बसंना तर मी खाईन.’’

मी त्याला ते दिलं नाही. लेक शनिवारी यायची होती.