ओढमामांचे एकशे बारा

ओढमामांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यामागे त्यांची खोली. एक खुर्ची, एक टेबल आणि टेबलावर जाड नळीचं एक यंत्र. नाकाला चिमटा लावायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि बंद नळीतून जीव खाऊन श्वास आत ओढायचा. हवा काही येत नाही, पण श्वासाच्या स्नायूंनी किती जोर लावला ते यंत्र आकड्यात सांगतं. समोरचा ओढत असताना मामा टेबलावर थापा मारत ओरडायचे, "ओढ, ओढ, ओढ!" एका शाळकरी पोरीने त्यावरून हे नाव ठेवलं आणि सगळ्या हॉस्पिटलने उचललं.

आजाऱ्याचा आकडा कमी आहे म्हणायला धडधाकट माणसाचा किती असतो ते आधी ठाऊक हवं. म्हणून छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मामांना निरोगी माणसांचे आकडे जमवायला सांगितले, सहा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत. मामांनी शाळा पालथ्या घातल्या, रुग्णाला भेटायला आलेल्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. बायको सुटली नाही. यादीत पहिला निरोगी माणूस अर्थात ते स्वतः.

मामांची एक खोड होती. रोज सकाळी पहिल्यांदा स्वतः ओढायचं आणि आकडा वहीत टाकायचा. एकशे बारा. नऊ वर्षं एकशे बारा, फार तर एक-दोनाचा फरक. त्यावरून यंत्र ठीक आहे हे त्यांना कळायचं. यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या कागदापेक्षा त्यांचा स्वतःच्या छातीवर जास्त विश्वास. या विश्वासाचं मला आधी कौतुक होतं, आता चीड येते.

एका सकाळी एकशे सहा आले. आठवड्याभराने एकशे चार. मामांनी नळी बदलली, रबर बदललं, शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि यंत्रात काही खोट नाही म्हणून सांगितलं. त्याला काय कळतंय, असं म्हणून मामांनी त्याची बोळवण केली. डॉक्टरीणबाईंना कळलं तर काम थांबेल, म्हणून त्यांच्या कानावर घातलं नाही. त्यापेक्षा सोपा तोडगा काढला. रोज आपल्या आकड्यात जितकी घट, तितके प्रत्येकाच्या आकड्यात मिळवायचे आणि बेरीजच यादीत लिहायची.

घरी मामा दोन उशा घेऊन झोपायला लागले होते, मग तीन. आडवं पडलं की दम कोंडतो, असं एकदा बोलून गेले. बायको म्हणाली, बाईंना दाखवा की, रोज समोर असतात. वय झालं म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं. जगाच्या छात्या मोजणारा हा माणूस!

चौदा महिने असेच गेले. मग हाताखाली एक नवी मुलगी आली, दुसऱ्या हॉस्पिटलात हेच काम केलेली. मामांनी तिलाही यादीसाठी बसवलं. यंत्राने शहाऐंशी दाखवले. त्या दिवशी सकाळी मामांचे चौसष्ट आले होते, म्हणून त्यांनी अठ्ठेचाळीस मिळवून एकशे चौतीस लिहिले.

ती गोंधळली. "मामा, तिकडेही माझे शहाऐंशीच यायचे. चार वर्षं तेवढेच आहेत."

मामांनी पेन खाली ठेवलं. ते स्वतः खुर्चीत बसले आणि तिला आपल्या नाकाला चिमटा लावायला सांगितलं. बिचारी हळू आवाजात "ओढा, ओढा" म्हणत राहिली. मामांनी तीनदा ओढलं, तिन्ही वेळा साठच्या आसपास. "यात काही मिळवू नकोस," मामा म्हणाले.

स्नायू हळूहळू खाणारा आजार निघाला. वर्षभर आधी कळतं तर औषधाने आहे तिथे रोखता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मामांना रागावण्यासारखं कोणी सापडेना. दुरुस्तीवाल्याची माफी मागावीशी वाटली, तर त्याचा पत्ता नव्हता.

आता ते घरीच असतात, तक्क्याला टेकून. यादी दुरुस्त करायचं काम त्यांनी मागून घेतलं. मोठ्याने वाचायला दम पुरत नाही, म्हणून बायको यादी आणि वही शेजारी ठेवून शेवटच्या नावापासून उलटी वाचते आणि ते त्या दिवसाची घट वजा करतात. पोरं, बायका, म्हातारे, सगळ्यांचे खरे आकडे एकेक करून परत मिळाले.

शेवटी ती यादीच्या पहिल्या ओळीवर आली. तिथे मामांचं नाव होतं आणि पुढे एकशे बारा.

"तुमच्यातून किती वजा करायचे?"

"काही नाही," मामा म्हणाले आणि दम घेऊन पुढे बोलले. "वहीतले माझे सगळे बरोबरच होते."

मग त्यांनी तिच्या हातून यादी घेतली आणि निरोगी माणसांतून आपलं नाव खोडलं.