जावयाच्या हातचं औषध

तबल्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून घोरले ते माझे सासरे, पण त्यांना झोपवलं मी. खोकल्याच्या औषधानं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं, ही माझी पहिली चूक. दुसऱ्या दिवशी कळलं आणि तरी तीन दिवस मी तोंड उघडलं नाही, ही दुसरी. पहिलीबद्दल डॉक्टरीणबाईंनी मला रागावून घेतलं, तो हिशोब मिटला. दुसरीबद्दल मात्र मला कोणी काहीच बोललं नाही. म्हणून लिहितो आहे.

मी सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, लोखंडाचे नमुने तपासण्याच्या खोलीत काम करतो. तिथली काळी धूळ कपड्यांत, डब्यात, नाकात, सगळीकडे जाते. गेल्या हिवाळ्यात तिच्यामुळे मला कोरडा खोकला लागला होता. ठसका यायचा, कफ मात्र काहीच नाही. डॉक्टरांनी एक लाल औषध दिलं, मी बरा झालो आणि अर्धी बाटली उरली. आमच्या घरात उरलेलं औषध फेकणं म्हणजे अन्न फेकल्यासारखं. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या उरलेल्या गोळ्या आणि बाटल्या जमा होतात, आणि त्या डब्याच्या जोरावर चौबे कॉलनीतल्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या बिल्डिंगमध्ये मी 'डॉक्टर साहब' म्हणून ओळखला जातो. बायको मला 'अर्धा डॉक्टर' म्हणते. ते कौतुक नाही, हे मला फार उशिरा समजलं.

सासरे गोंदियाहून आले ते नातीचा तबला ऐकायला. आमच्या मुलीचं मराठी मंडळाच्या हॉलमधलं ते पहिलंच एकल वादन. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. हे मामाजी रेल्वेतून निवृत्त झालेले मालगाडीचे गार्ड. त्यांचा एकच अभिमान, आणि तो ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगतात. अख्ख्या नोकरीत ड्यूटीवर एकदाही डोळा लागला नाही. "गाडी साईडिंगले सहा-सहा तास उभी राहे," ते म्हणायचे, "पण आपण टक्क जागे."

शनिवारी दुपारी ते आले तेव्हा त्यांच्या छातीत घरघर होती. दर दोन वाक्यांमागे एक ओला, खोल खोकला. त्यांना स्वतःची नव्हे, कार्यक्रमाची काळजी होती.

"जावईबापू, पोट्टी वाजवून राहिली अन् मी खोकलून राहिलो, असं नको व्हायले."

"मामाजी, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका," मी म्हणालो आणि डबा उघडला.

लाल बाटलीवरचं लेबल मी वाचलं नाही. खोकल्याचं औषध म्हणजे खोकल्याचं औषध. बाटलीबरोबरचं खुणांचं झाकण कधीच हरवलं होतं, तेव्हा आमटी वाढायचा स्टीलचा चमचा घेतला. भरून एक चमचा दिला. मामाजींनी डोळे मिटून घेतला, मिशा पुसल्या आणि "मस्त आहे" म्हणाले. मग मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आजोबांना औषध द्यायचं विसरू नका रे."

कोणी विसरलं नाही. रविवारी सकाळी बायकोनं एक चमचा दिला. दुपारी मुलीनं प्रेमानं एक दिला. चार वाजता कार्यक्रमाला निघायच्या आधी, खात्री म्हणून, मी दोन दिले. आमच्याकडे पाहुण्याला एकदा वाढून कोणी थांबत नाही. आणि मुलीच्या घरी आलेला बाप जावयाच्या हातचं काही नाकारत नाही. ह्या दोन रीती एकत्र आल्या की काय होतं, ते आम्ही त्या संध्याकाळी पाहिलं.

खोकला एकदाही आला नाही. मुलीनं सुरुवातीचा पेशकार छान वाजवला. पुढे कायद्याचे बोल सुरू झाले तेव्हा मामाजींची मान जरा कलली. मला वाटलं, रंगून गेले. शेवटच्या तिहाईत तिच्या गुरुजींनी मुद्दाम विराम ठेवलेले होते. एक तुकडा, मग क्षणभर शांतता, मग तोच तुकडा. त्या पहिल्या शांततेत पहिल्या रांगेतून एक लांब, भरदार घोरणं आलं. दुसऱ्या शांततेतही आलं, अगदी लयीत. हॉल हसला. हार्मोनियमवाले काकाही हसले. मुलीनं समेवर हात आणला, पण नमस्कार करताना तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

बायकोनं हलवून हलवून मामाजींना जागं केलं. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग स्टेज पाहिलं. स्टेजवर दुसरंच कोणी गायला बसलं होतं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

घरी येताना ऑटोत त्यांनी नातीला म्हटलं, "वय झालं बाई. डोळा लागला."

"सोना ही था तो घर पे सो जाते ना, आजोबा," ती बाहेर बघत म्हणाली. पंधरा वर्षांची पोर. मराठी सगळी समजते, पण रागावली की हिंदीतच बोलते.

सोमवारी सकाळी मामाजींची घरघर वाढली, तेव्हा मी त्यांना कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अर्धा डॉक्टर असल्यामुळे बाटली बरोबर नेली होती, शाबासकी मिळेल म्हणून. त्यांनी बाटली फिरवून पाहिली.

"ये तो सूखी खाँसी की दवा है, भैया. खाँसी दबाती है, नींद भी लाती है. इनकी खाँसी तो कफ वाली है. कफ को बाहर आना है और आप दरवाज़ा बंद कर रहे हैं."

बाटली गेल्या हिवाळ्यात उघडलेली, हेही निघालं. मग त्यांनी विचारलं, किती दिलं? मी म्हणालो, चमचाभर. कोणता चमचा? मी हातानं आकार दाखवला. त्या हसू दाबत म्हणाल्या, "उससे तो आप बारात को दाल परोसिए."

मग मामाजींना विचारलं, किती वेळा घेतलं. मामाजींनी शांतपणे बोटांवर मोजलं. "पाच चमचे. अन् सर्दीची एक गोळी माझ्या खिशातली, आपली नेहमीची."

डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. त्या गोळीतही झोप आणणारं औषध होतं. ह्या वयात एवढी झोप म्हणजे पडून हाड मोडणं, श्वास मंदावणं, काहीही होऊ शकलं असतं, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. बोटाला यंत्र लावलं, छाती ऐकली, रक्तदाबाच्या गोळ्या विचारल्या. नशिबानं सगळं ठीक होतं.

"पण मामाजी, तुम्ही बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"जावईबापू देऊन राहिले, तर नाही कसं म्हणावं?"

डॉक्टरीणबाईंनी कफ पातळ करणारं औषध लिहून दिलं आणि समोर बसवून मला शिकवलं. झाकणावरच्या खुणेनंच मोजायचं. दोन डोसांमध्ये सांगितलेलं अंतर ठेवायचं. घरात एकानंच द्यायचं. बरोबर दुसरी सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही. कोमट पाणी भरपूर. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची. उरलेलं औषध दुसऱ्याला कधीच नाही, आणि लहान मुलांना तर आपल्या मनानं कुठलंच नाही. ताप आला, धाप लागली, कफात रक्त दिसलं तर लगेच यायचं. तीन आठवड्यांत खोकला गेला नाही तरी यायचं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना मामाजींनी माझा दंड धरला. "घरी सांगू नका. पोट्टीच्या नजरेत बाप छोटा नको व्हायले. म्हाताऱ्याची झोप म्हणून खपून जाते."

आणि मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो!

बायकोला आणि मुलीला एवढंच सांगितलं की औषध बदललंय आणि आता ते मीच देईन. फ्रिजवर कागद लावला. वेळ लिहायची, खूण करायची. मंगळवारी मुलीनं कागद पाहून विचारलं, "ये क्या है, पापा?"

"असंच. शिस्त," मी म्हणालो.

मामाजींचा कफ सुटत होता, आवाज मोकळा होत होता. नात मात्र त्यांच्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. तबला लावायला बसली की खोलीचं दार लावून घ्यायची. मामाजी बाहेर खुर्चीत ताठ बसून दाराआडून ऐकायचे. अगदी टक्क जागे. मी पेपर वाचायचो. पेपरात काय होतं ते आता एक अक्षर आठवत नाही.

गुरुवारी सकाळी त्यांची गाडी होती. बायको तव्यावर चीला, म्हणजे इकडचं तांदळाच्या पिठाचं धिरडं, घालत होती, मुलगी शाळेच्या कपड्यांत घाईघाईनं खात होती. मी झाकणात खुणेपर्यंत औषध ओतलं, मामाजींनी घेतलं, मी कागदावर खूण केली. मग त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तबला लावायची पितळी हातोडी. गोंदियाच्या एका ओळखीच्या फिटरकडून मुद्दाम करून आणलेली. कार्यक्रमानंतर द्यायची होती.

"मी गेल्यावर द्या तिले," ते म्हणाले. "आजोबानं दिली म्हणून नका सांगू. घेणार नाही ती."

लग्नात ह्याच माणसानं माझे पाय धुतले होते. त्याची हातोडी मी माझ्या नावानं देणार होतो की काय?

मी आत गेलो आणि हातोडी टेबलावर चील्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही आजोबांनी आणली," मी मुलीला म्हणालो. "ते कंटाळून झोपले नव्हते. मी त्यांना चुकीचं औषध दिलं, जुन्या बाटलीतलं, आमटीच्या चमच्यानं. सोमवारपासून मला माहीत आहे."

तव्यावरचा चीला करपला. मुलगी ओट्यावरच्या आमटीच्या चमच्याकडे बघत म्हणाली, "वो वाला? कितने?"

"पाच."

"पाँच!" मग तिचा चेहरा उतरला. "एक तो मैंने दिया था."

"तो तू माझ्या सांगण्यावरून दिलास. तोही माझ्याच नावावर."

बायको उलथनं हातात धरून वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्हीपण! विष दिलं असतं तरी घेतलं असतं?"

"जावईबापूंनी दिलं असतं तर मिशा पुसून घेतलं असतं," मामाजी म्हणाले, आणि आधी मुलगीच हसली. उठून ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली, हातोडी हातात तोलत.

मी वाकून मामाजींचे पाय धरले. ते खुर्ची मागे सरकवू लागले. "हं हं, जावई वाकत नाहीत."

"वाकू द्या, मामाजी," मी म्हणालो. "ड्यूटीवर तुमचा डोळा कधी लागला नाही, आणि रविवारीही तो तुम्ही लावला नाही. मी लावला. वरून तीन दिवस ते तुमच्या वयावर ढकललं. चुकलो मी. माफ करा."

"और मेरी तिहाई?" मुलीनं वरून विचारलं.

"तिचीही माफी," मी खालूनच म्हणालो.