बासरी जास्तच चांगली झाली होती

मंडळी, आत्ताच भोकरदनहून मिलिंदकाकांकडून आले आणि अजून हसू येऊन राह्यलंय.

काका आमच्या गायन पार्टीचे कीबोर्डवाले. त्यांचा जुना कीबोर्ड दिवाळीत कायमचा बंद पडला, तेव्हापासून त्यांनी वाजवणंच सोडलं.

त्यातली बासरी, म्हणजे बासरीचा आवाज, मी काकांसाठी महिनाभर खपून लॅपटॉपवर नव्यानं बनवली. ओळखीच्या बासरीवाल्याकडून एकेक सूर रेकॉर्ड करून कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीला वेगळा लावला.

सोबत नेलेला छोटा कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, त्यावर काकांनी दोन मिनिटं वाजवलं आणि हात काढले. "चांगली हाय पोरी, पण ही आपली न्हाई. आपली वर गेली की चिरकायची."

मंग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या कीबोर्डात मेमरी कमी, म्हणून एकच सूर भरून तो सगळ्या पट्ट्यांवर ताणलेला असायचा. वर बारीक आणि घाईचा, खाली जाड आणि सुस्त. मी तिथंच बसून मधला एक सूर ठेवला, बाकी सगळे काढले, आणि तोच ताणला.

काकांनी वरचा सा दाबला. चिरकला! काका खो-खो हसले.

काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "अहो, दुरुस्त झाला का तो जुना कीबोर्ड?"

"न्हाई, तो गेला तो गेलाच. तू गा बरं."

काकूंनी उभ्या उभ्या गाणं धरलं. तासभर दोघंही थांबले न्हाईत.

महिनाभर मी जे सुधारत होते, तेच काकांना बिघडलेलं हवं होतं. तुम्हाला असा कुठला बिघडलेला आवाज परत ऐकायचाय?