रिकाम्या कणगीची अंगाई

जवळ सरका सगळ्या. आणि आधी माझी बोलणी खा. अमेरिकेहून परत आल्यापासून जी ती विचारते, मुलाचं घर केवढं, गाडी कुठली, बर्फ हातात घेतलास का. पण इतके महिने राहून आलीस तर तिथे पाहिलंस काय, हे एकीच्याही तोंडून निघालं नाही. म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. चहा हवा असेल तर आत्ताच घेऊन या, मध्ये उठायचं नाही.

माझा मुलगा मिलिंद आणि सून केतकी ॲन आर्बरला राहतात. विद्यापीठाचं गाव आहे. जिकडे बघावं तिकडे पाठीला सॅक अडकवलेली, सायकलवरून जाणारी मुलं. मी पोचले तेव्हा कॅलेंडरात वसंत लागला होता, पण झाडं अजून खराट्यासारखी उभी. साडीवर मिलिंदचं जुनं जाकीट, पायात लोकरीचे मोजे आणि बूट, असा माझा अवतार. पहिले काही दिवस खिडकीतून खारी बघण्यात गेले. मग केतकीनं बसचा पास हातात दिला आणि म्हणाली, "आई, घरात बसून बोअर व्हाल. लायब्ररीपर्यंत जाऊन या. फोन जवळ ठेवा म्हणजे झालं."

गेले. बस स्वच्छ, गर्दी नाही, आणि खिडकीच्या वर एक पिवळी दोरी ताणलेली. एका थांब्यावर एक म्हातारी बाई चढली. माझ्याहूनही थकलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. ती माझ्या शेजारी टेकली तरी बस हलेना. आपण जन्मभर एस.टी.तून हिंडलेल्या. माझा हात आपोआप वर गेला आणि दोरी दोनदा ओढली. डबल बेल! बस निघाली, मला वाटलं माझ्यामुळेच. पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरनं बस उभी केली, दार उघडलं आणि वाट बघत बसला. उतरायचं कुणालाच नव्हतं. तिथे दोरी ओढायची ती आपल्याला उतरायचं असेल तर! त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी "सॉरी, गो, गो," म्हटलं, तशी शेजारची बाई तोंडावर हात घेऊन इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिचं नाव इलोना. मूळची हंगेरीची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच खडबडीत, त्यामुळे आमचं झकास जमलं. उतरताना तिनं शनिवारी कॉफीला बोलावलं.

केतकीला बरोबर घेऊन गेले. इलोनाबाईंचं घर एवढंसं, पण नीटनेटकं. तिनं बेग्ली (खसखशीचं सारण भरलेली गोड गुंडाळी) कापून पुढे ठेवली. मी म्हटलं, "अगं, ही खसखस आम्ही अनारशाला लावतो!" मी नेलेल्या खोबऱ्याच्या वड्या तिनं वास घेऊन घेऊन खाल्ल्या. भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो होता. डोळे असे, की आपण नजर खाली घ्यावी.

"ही कोण?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "सिनेमात होते. एकाच."

मग हळूहळू सगळं सांगितलं. कुठे अडलं तर केतकी मला समजावत होती. सिनेमाची गोष्ट कम्युनिस्टांच्या राजवटीतली. एका गावातलं धान्य सरकारी माणसं उचलून नेतात आणि वर सगळ्यांकडून वदवून घेतात की यंदा पीक भरघोस आलं. एक आई, म्हणजे सिनेमातली इलोना, मात्र तसं म्हणत नाही. ती रिकाम्या कणगीपाशी बसून, कणगी म्हणजे जणू आपलं उपाशी मूल, असं समजून तिला अंगाई म्हणते. सिनेमा पुरा झाला, साहेब लोकांनी एकदा पाहिला आणि कुलपात टाकला. इलोनाला बोलावून एकानं सांगितलं, "तुझ्यावर उपकारच केले आम्ही. लोकांना हे आवडलंच नसतं. हसले असते तुला."

पुढे ती देश सोडून इथे आली. एका बेकरीत केक सजवण्यात उमर गेली. तिकडची राजवट गेली, सिनेमाची रिळं सापडली, दुरुस्त झाली, आणि आता ह्याच गावच्या विद्यापीठात तो दाखवणार होते. तिला मानानं बोलावलं होतं. तिनं स्वतः तो कधीच पाहिला नव्हता.

"जाणार ना?" मी विचारलं.

तिनं कप बशीत ठेवला. "तो माणूस खरं बोलला असेल तर?"

बायांनो, काय म्हणावं ह्याला! कुलूप घालणारे कधीच गेले आणि ही अजून त्यांच्या बोलण्यात अडकलेली. मी म्हटलं, "मी बसते तुझ्या शेजारी. कोण हसतं ते बघू."

रविवारी दुपारी आम्ही तिघी गेलो. मी मुद्दाम हिरवी इरकल नेसले. केतकीनं गाडीतच बजावलं, "आई, प्लीज हं, तिथे मोठ्यानं बोलू नका. लोक एकदम सायलेंट बसतात."

खरंच तसे बसले होते. हॉल भरलेला, पण खोकल्याचाही आवाज नाही. काळ्यापांढऱ्या पडद्यावर ते गाव, तो चिखल, ती घोडागाडी. भाषा कळत नव्हती, तरी मला सगळं कळत होतं. इलोनानं माझा हात धरला होता आणि तिची पकड घट्ट होत चालली. मध्येच कानाशी म्हणाली, "बघितलंस? कुणाच्या तोंडून शब्द नाही. आवडत नाहीये त्यांना."

"अगं, इथली रीतच तशी आहे," मी म्हटलं. तिला पटलं नाही.

आणि ती अंगाई आली. फोटोतली मुलगी कणगीला हात लावून बसली आणि गायला लागली. ना वाद्य, ना काही. नुसता गळा. साध्या चालीत एक एक ओळ अशी उतरत होती की माझा पदर केव्हा भिजला कळलं नाही. गाणं संपलं. हॉलमध्ये तीच चिडीचूप शांतता. शेजारी पाहते तर इलोनाबाई कोट घेऊन उठलेल्या, निघायच्या बेतात.

माझं भानच सुटलं. सांगलीत संगीत नाटकं ऐकत वाढलेली मी. असं गाणं झाल्यावर आपण काय करतो? मी बसल्या जागेवरून खणखणीत ओरडले, "वन्स मोअर!"

सगळा हॉल वळला. केतकीनं कपाळाला हात लावला. "आई! अहो, सिनेमा आहे हा!"

"असू दे. गाणं तर आहे ना?"

मागून कुणीतरी हसलं, चांगलं हसलं, आणि टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला, आणि एक दाढीवाला पोरगा माझीच री ओढत "वन्स मोअर!" म्हणाला. कार्यक्रम ठरवणाऱ्या प्राध्यापक बाईंनी सिनेमा थांबवायची खूण केली, दिवे लावले. म्हटलं, आता बाहेर काढतात की काय.

पण त्या इलोनाजवळ आल्या. "तुम्हाला चालेल? ते गाणं परत दाखवू?"

इलोना माझ्याकडे वळली. "हे काय केलंस तू?"

"आमच्याकडे मनापासून आवडलं की परत म्हणायला लावतात."

"आणि गाणाऱ्यानं नाही म्हटलं तर?"

"तशी सोय नाही," मी म्हटलं.

तिनं कोट खुर्चीवर ठेवला. दिवे मालवले, अंगाई पुन्हा सुरू झाली, आणि ह्या वेळी दोन आवाज होते. पडद्यावरच्या मुलीचा, आणि माझ्या शेजारी उभ्या म्हातारीचा, फाटलेला, थरथरता, पण सुरात. लोक उभे राहिले. मी सांगते तुम्हाला, घरच्या पोरीनं रंगमंच गाजवावा तसा मला अभिमान वाटला. कोण कुठली हंगेरीची बाई, पण माझा ऊर भरून आला होता.

बाहेर पडताना तरुण मुलं तिच्याभोवती जमली होती, सह्या घेत होती. ती मला म्हणाली, "हसले नाहीत गं." एवढंच.

गाडीत बसल्यावर केतकीनं आधी माझा पट्टा लावला. मग म्हणाली, "आई, सॉरी हं. मी तुम्हाला गप्प बसवत होते." मी म्हटलं, "मग आजची वांगी तू कर."

परत आले. विमानातून ढग बघताना एकच येत होतं मनात. माणसाचं काम कुलपात घालणं सोपं, पण त्याहून वाईट म्हणजे ते टाकाऊ होतं असं त्याच्या मनात भरवणं. ते कुलूप त्याचं त्याला उघडता येत नाही, बाहेरूनच कुणीतरी उघडावं लागतं.

निघताना इलोनानं विचारलं होतं, "तुझ्या गावची माणसं बघतील माझा सिनेमा?" मी छातीवर हात ठेवून हो म्हणून आले. केतकीनं खटपट करून परवानगी मिळवली, सिनेमाही पाठवला. इथे सांगलीत शाळेचा हॉल मिळालाय, गणपती झाल्यावरचा रविवार ठरलाय. भाषेची काळजी नको, गोष्ट मी आधी सांगेन. मिरजेच्या, कोल्हापूरच्या, साताऱ्याच्या सगळ्यांनी यायचं, सुनांना घेऊन यायचं. आदल्या दिवशीच या, माझ्याकडेच उतरा. हॉल भरला होता असं मला तिला कळवायचंय. तेव्हा सबबी सांगू नका, या लवकर.